यसूमावशीचा रकाना

“एक कोटी?” भाऊंनी अडकित्ता तबकात आपटला. “जावईबापू, एक कोटीचा माणूस माझ्या दारात येणार कोण, त्याचं नाव तरी सांगा!”

“माणूस नसतो हो एक कोटीचा, भाऊ. त्याचा वकील असतो,” शेखरभावजी म्हणाले.

शेखरभावजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. चिपळूणला विम्याची कामं करायचे. गणपती पोचवून दोन दिवस झाले होते आणि ते मांडीवर फायली घेऊन सकाळपासून आमच्या ओटीवर ठाण मांडून बसले होते. भाऊ माझे सासरे. आमचं गाव दापोलीपासून तासाभरावर, समुद्राला लागून. आगरात चार खोल्या बांधून आम्ही होमस्टे चालवत होतो. माडापोफळीतला झोपाळा, दोन माडांना बांधलेली झुलती खाट, दगडी विहीर, रात्रीचं सुरमईचं जेवण, असा सगळा थाट. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातल्या एका होमस्टेत झोपाळ्याची कडी तुटली आणि ठाण्याच्या एका बाईंचं कंबरडं मोडलं. त्यांच्या नवऱ्याने वकिलाची अशी नोटीस धाडली की त्या माणसाने खोल्यांना टाळं ठोकलं. तेव्हापासून भाऊंची झोप उडाली होती. उद्या आपल्या दारात कुणाला काही झालं तर?

म्हणून हा विमा. आपल्या आवारात, आपल्या वस्तूमुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याचं नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देणार. किती रकमेचा घ्यायचा, एवढंच ठरायचं होतं.

“दहा लाख पुरेत,” माझा नवरा, उमेश, म्हणाला.

“दहा लाखात काय होतं?” भावजी म्हणाले. “समजा तुझ्या झुलत्या खाटेवरून एखादा डॉक्टर पडला आणि बोटं मोडली. ऑपरेशन करणारी बोटं! त्याची पुढची वीस वर्षांची कमाई कोण देणार?”

“आणि बँकवाला पडला तर?”

“त्याचं कमी.”

“आणि मेमध्ये उतरलेला तो शिट्ट्या मारणारा कॉलेजचा घोळका?”

“त्यातला एखादा पडला तर मीच पेढे वाटीन,” भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मला तिथे बसवलं होतं फॉर्म भरायला. लग्नाआधी दोन वर्षं मी पतसंस्थेत काम केलं होतं आणि माझं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे या घरातला प्रत्येक कागद माझ्या गळ्यात. पुण्याच्या माणसाचा पाय केवढ्याला, डॉक्टरचं बोट केवढ्याला, असा बाजार तासभर चालला होता, आणि मी पेन उघडून बसले होते. शेवटी भाऊ एक कोटीवर आलेच. एकदा मान्य केल्यावर त्यांना त्या आकड्याचा अभिमानच वाटायला लागला. “लिही सूनबाई, एक कोटी. ठळक लिही.”

लिहिलं ठळक.

“आता पुढचं,” भावजींनी बोट ठेवलं. “आवारातल्या झाडांची फळं आणि सुकलेल्या झावळ्या वेळच्या वेळी उतरवता का?”

“नारळ उतरवायला दर दोन महिन्यांनी पाडेली चढतो,” उमेश म्हणाला.

“सगळ्या माडांवर?”

उमेश भाऊंकडे बघायला लागला. आगरात एक माड होता, विहिरीच्या वाटेवर चांगलाच झुकलेला. तो राखणदाराचा, आगर राखणाऱ्या देवाचा माड. भाऊंच्या आजोबांनी त्याच्या नावाने सोडलेला. त्याला कोयता लावायचा नाही, त्याच्यावर पाडेली चढवायचा नाही. नारळ पिकून आपणहून पडेल तो उचलायचा आणि बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे त्याच्यापुढे ठेवायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या माडाखालून पळत जायची.

“त्याला काही होत नाही,” भाऊ म्हणाले. “तीन डोळे आहेत नारळाला. बघून पडतो तो. चार पिढ्यांत कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. लिही, हो.”

मी ‘हो’ लिहिलं.

“शेवटचा रकाना. कामावरची माणसं. हे वेगळं असतं बरं का भाऊ. एक कोटी बाहेरच्यांसाठी. घरच्या माणसांना यातून काही मिळत नाही. आणि कामाला असलेल्या माणसाची नावानिशी नोंद करायची. नाव, पगार, अंगठा. दोनशे चाळीस रुपये जादा वर्षाला.” भावजींनी पडवीकडे मान वळवली. “यसूमावशींचं नाव घालू ना?”

पडवीत यसूमावशी खोबरं खवत बसली होती. यशोदा धोपट. उमेश चार वर्षांचा असताना सासूबाई गेल्या, तेव्हापासून या घराची चूल तिच्या हातात. उमेशला तिनेच भरवलं, निजवलं, चोपलं. रोज पहाटे तिच्या वाडीवरून यायची आणि संध्याकाळी जायची. पाहुण्यांनी नावाजलेलं सुरमईचं कालवण तिचं, तांदळाची भाकरी तिची. आणि घरावर वचकही तिचाच. मी नवी नवरी असताना चहा पिऊन कप तिच्यापुढे सरकवला, तर तिने तो तसाच माझ्या हातात परत दिला. “पावन्यांचा कप मी इसळते. घरच्यांनी ज्याचा त्याने. तू पावनी हायस काय गो?” मला राग आला होता. मग बघितलं तर भाऊसुद्धा चहा संपला की निमूट मोरीकडे जायचे. त्या दिवसापासून मला ते घर माझं वाटायला लागलं, हे खोटं कशाला बोलू.

“यसूचं नाव?” भाऊंचा आवाज चढला. “नोकर म्हणून? जावईबापू, जीभ कशी वळली तुमची? माझं पोर वाढवलं तिने! ती घरचीच आहे. तिचा कसला विमा?”

ऐकायला केवढं छान वाटलं! उमेशचे डोळे पाणावले. पण मी पतसंस्थेत काम केलेली बाई. रकान्यात पुढे पगार लिहायचा होता, आणि यसूमावशीला पगार असा नव्हताच. दिवाळीला लुगडं, दोन वेळचं जेवण, निघताना डबा, आणि भाऊंच्या मनाला येईल तेव्हा हातावर काही नोटा. तो आकडा कागदावर कसा लिहिणार? पाहुण्यांकडून खोलीचे किती घेतो ते त्याच कागदावर वर लिहिलेलं होतं.

“असू दे ना भाऊ,” मी म्हटलं. “दोनशे चाळीसच तर आहेत.”

“पैशाचा प्रश्न नाही, सूनबाई! मनाचा आहे. ओढ रेघ.”

मी पडवीकडे पाहिलं. मावशी तिथूनच म्हणाली, “माजा कसला इमा गो बाय? मी काय पावनी हाय? ओढ तू रेघ. दूध उतू जाईल तुजं.”

मी रेघ ओढली. पट्टी लावून, सरळ. मोत्यासारख्या अक्षराला शोभेल अशी.

फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवार सकाळ, साडेसात वाजलेले. चारही खोल्या भरलेल्या. पुण्याच्या रणदिवे मॅडमनी वेताच्या दोन खुर्च्या स्वतः ओढत नेऊन नेमक्या राखणदाराच्या माडाखाली मांडल्या. झुकलेला माड, मागे समुद्र, हातात चहा. समोर काठीवर मोबाईल लावून त्या स्वतःचाच व्हिडिओ काढत होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. वारा सुटला होता.

माझ्या हातात घावनाचं पीठ होतं. मी म्हटलं, “मावशी, जा गं जरा. त्या बाईंना तिथून उठव. तुझं ऐकतील.”

मी पाठवलं. मी.

मावशी गेली. काहीतरी गोड बोलली असणार, कारण मॅडम हसत उठल्या आणि बाजूला झाल्या. मावशी खुर्ची उचलायला वाकली. नारळ पडल्याचं मला दिसलं नाही, ऐकू आलं. कुणी सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसं काडकन वाजलं. तो तिच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या अगदी जवळ पडला, तिथून उसळला आणि मॅडमच्या मोबाईलवर जाऊन आदळला.

मी पोचले तेव्हा ती वाळूत बसली होती आणि डाव्या हाताने उजवा हात चाचपत होती, तो आहे की नाही ते बघत असल्यासारखी. “खुर्ची मोडली काय गो?” तिने विचारलं.

उमेश तिला गाडीत घालून चिपळूणला घेऊन गेला. मी बरोबर निघाले, तर भाऊंनी हाक मारली. “सूनबाई, तू थांब. आधी कागद करायचाय.”

“कसला कागद? आत्ता?”

“त्या बाईंचा मोबाईल फुटलाय. महागातला आहे. ती नेटवर काहीबाही लिहून बसली तर आपला अख्खा मे महिना बुडेल. शेखररावांशी बोललोय फोनवर. बाहेरच्या माणसाचं नुकसान झालंय, लगेच मंजूर होतं म्हणाले. घे लिहायला.”

रणदिवे मॅडम बिचाऱ्या रडत होत्या. मोबाईलसाठी नव्हे, खरं सांगते, मावशीसाठी. त्यांनी काही मागितलंच नव्हतं. पण भाऊ येरझाऱ्या घालत सांगायला लागले आणि मी लिहायला लागले. “आमच्याकडे घरकामाला असलेली बाई आवारातील खुर्ची हलवत असताना...”

माझं पेन थांबलं. “घरकामाला असलेली बाई?”

“मग काय लिहिणार? कागदाला असंच लागतं. लिही पुढे. तिच्या खांद्यावर पडलेला नारळ उसळून पाहुण्यांच्या मोबाईलवर आदळला.”

लिहिलं. खाली तारीख घातली, भाऊंनी सही केली, मी फोटो काढले. फुटलेल्या मोबाईलचे चार. मावशीचा एकही नाही.

तीन आठवड्यांत मोबाईलचे पैसे मंजूर झाले. बघायलासुद्धा कुणी आलं नाही. भाऊ गावभर सांगत सुटले, “बघा, असा असतो विमा!”

आणि यसूमावशीचा हात लोंबत होता. हाड जुळलं, पण खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या. चिपळूणच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मुंबईला मोठं ऑपरेशन करावं लागेल, आणि सहा महिन्यांच्या आत. त्याच्या पुढे केलं तरी उपयोग नाही, हात असाच राहील. खर्च त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी भाऊंनी वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी विचारलं की, “बघू. आत्ताच दोन खोल्यांना एसी लावलेत.” उमेशला विचारलं की, “भाऊ बघतायत ना.” मावशी रोज यायची. डाव्या हाताने भाकरी थापायला बघायची आणि ती वाकडी झाली की मोडून पुन्हा थापायची. मी परातीला हात लावला की खेकसायची. मला दर दिवशी त्या माणसांचा संताप यायचा आणि दर दिवशी मी तो पोळीत लाटायची.

एप्रिलमध्ये एक दिवस भाऊ जेवताना म्हणाले, “अरे, एक कोटीचा विमा आहे आपला! मोबाईलला मिळतात, मग यसूला का नाही?”

“भाऊ, घरच्यांना आणि कामाच्या माणसांना नाही त्यात. भावजींनी सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“मग तिला बाहेरची दाखवू. शेजारीण. आपल्या विहिरीवर पाणी न्यायला आली होती. वाटेवर नारळ पडला. कोण बघायला येतंय?”

माझं डोकं सणकलं. मग चष्म्याच्या घरातली ती चिठ्ठी आठवली. चार महिने उरले होते. मावशीचा हात की माझा खरेपणा? मी कागद घेतला. आजही मला कुणी विचारलं तर मी तो पुन्हा लिहीन, पण दुसऱ्याच्या अक्षरात.

मोबाईलच्या वेळी कुणी आलं नव्हतं. या वेळी आलं. रक्कम मोठी ना! घोसाळकर नावाचा तरुण, पाठीवर सॅक, बोलायला मऊ. तो पोचायच्या आधी तासभर भाऊ पडवीत मावशीला पढवत होते.

“यसू, तो विचारील तू इथली कोण. सांगायचं, माझा या घराशी काही संबंध नाही.”

“काय संबंद नाय?”

“नाही. पाणी न्यायला आले होते, म्हणायचं. हातासाठी म्हणायचं गं, खरं थोडंच आहे!”

“माजा या घराशी काय संबंद नाय,” मावशी म्हणाली. मग स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणाली, मुलं शाळेत कविता पाठ करतात तशी.

घोसाळकर आला. माडाखाली जाऊन मान वर करून बराच वेळ बघत राहिला. वर पिकलेल्या नारळांचे दोन घड लटकत होते. ओटीवर येऊन बसला, मावशीला समोर बसवलं. अर्जावर तिचा अंगठा घ्यायचा होता. उजवा हात वर येईना, म्हणून मी डाव्याचा अंगठा धरून शाईत बुडवला.

“मावशी, तुम्ही या घरच्या कोण?”

मावशीने भाऊंकडे पाहिलं. मग उमेशकडे. उमेश फरशीकडे बघत होता. ती म्हणाली, “मी हितली कोन नाय. माजा या घराशी काय संबंद नाय.”

खणखणीत, एका दमात. कुठे अडली नाही.

घोसाळकरने सॅकमधून एक कागद काढला. मोबाईलचा अर्ज. ‘आमच्याकडे घरकामाला असलेली बाई.’ तो त्याने मोठ्याने वाचला. मग दुसरा काढला, विम्याचा मूळ फॉर्म, आणि कामावरच्या माणसांच्या रकान्यावर बोट ठेवलं. सरळ रेघ.

“वहिनी, हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“हे?”

“तेही.”

“आणि आजचा अर्ज?”

मी मान हलवली.

“एका कागदावर तुमच्याकडे कामाला कुणीच नाही. दुसऱ्यावर या तुमच्याकडे घरकामाला आहेत. तिसऱ्यावर या तुमच्या कुणीच नाहीत.” तो रागावून बोलत नव्हता, त्याला वाईट वाटत होतं, त्यानेच मला जास्त झोंबलं. “या तुमच्या कोण, ते आधी तुम्ही ठरवा आणि मला कळवा. या रकान्यात नाव असतं ना, तर वरचे ते घड न बघितल्यासारखं करून मी आज इथूनच मंजुरीला पाठवलं असतं.”

तो गेला.

“दीडशहाणा,” भाऊ म्हणाले. “कालचं पोर!”

मग मात्र माझा बांध फुटला. अकरा वर्षांत त्या घरात मी आवाज चढवला नव्हता. “दोनशे चाळीस रुपये, भाऊ! वर्षाला दोनशे चाळीस! पुण्याच्या डॉक्टरच्या बोटाची किंमत काढत बसलात तुम्ही तासभर. परक्या माणसाच्या मोबाईलला पैसे मिळाले तुमच्याकडून! आणि जिने तुमच्या पोराच्या तोंडात घास घातला, तिच्या हाताला काय मिळालं? ‘घरचीच’! नुसता शब्द! पगार लिहायची लाज वाटली म्हणून घरची, मोबाईल भरून घ्यायचा म्हणून घरकामाची, आणि आता पैसे काढायचे म्हणून शेजारीण? कधी तरी एकदा तरी स्वतःच्या खिशात हात घालावासा वाटला का तुम्हाला तिच्यासाठी?”

“वासंती, पुरे,” उमेश म्हणाला.

“तू तर बोलूच नकोस! तिने वाढवलंय तुला, आणि मघाशी फरशी मोजत होतास!”

भाऊ उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद. “आवाज खाली, सूनबाई. आणि रेघ कुणी ओढली? मी? तुझ्याच हाताने ओढलीस ना?”

माझ्याच हाताने. पट्टी लावून.

यसूमावशी उठली. पडवीत गेली, खिळ्यावरची आपली पिशवी डाव्या हाताने काढली. चपला पायात घातल्या.

“अगं यसू, कुठे निघालीस?” भाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. “तो मूर्ख आला नि गेला. तू बस. तू घरचीच आहेस.”

“नाय भाऊ.” ती रागावलेली नव्हती, हेच मला सोसवत नव्हतं. “तुमी शिकवलंत तवा वाटलं, मानसापुडं म्हनताना जीब आडकंल माजी. नाय आडकली. एवडी वर्सं या घरात काडली, आन् सरळ म्हनून मोकळी झाले. खोटं असतं तर आडकली असती.”

ती पायऱ्या उतरली. विहिरीच्या वाटेने गेली, राखणदाराच्या माडाखालून. वर पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाडेल्याला बोलावलं आणि त्या माडावर चढवला. तो हात जोडून नको म्हणत होता. मी म्हटलं, “पाप माझ्या डोक्यावर, चढ तू.” भाऊ ओरडत आगरात आले, शिव्याशाप दिले, तरी मी बुंध्याशी उभी राहिले आणि शेवटचा नारळ खाली येईपर्यंत हलले नाही. त्यानंतर भाऊ माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या माहेरच्या पाटल्या मी मोडल्या. पण घरातल्या भांडणात, मुंबईच्या तारखा मिळण्यात आणि मावशीला राजी करण्यात सातवा महिना लागला. ऑपरेशन झालं. हात कमरेपर्यंत येतो, त्याच्या वर नाही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं.

बारा वर्षं झाली. भाऊ गेले, होमस्टे आता मी चालवते. दर वर्षी विम्याचा फॉर्म येतो आणि मी तो खालून वर भरते. आधी कामावरच्या माणसांची नावं, पगारासकट. मग वरचा तो आकडा. किती घालायचा त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

महिन्यातून एकदा मी मावशीच्या वाडीवर जाते. तिच्या हातात पाकीट देते, ती घेते. नाही म्हणत नाही, आनंदाने घेतेय असंही नाही. मला बघितलं की आत जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची काढते आणि पदराने पुसून अंगणात मांडते. तिच्या पुतण्याची सून चहा करते. फळीवर चार कप असतात, त्यातला बशीचा एकच आहे, तो माझ्यापुढे येतो. आम्ही पाऊसपाणी बोलतो, उमेशच्या गुडघ्याचं बोलतो. त्या दिवसाचं आम्ही कधीच बोललो नाही.

परवाही गेले होते. चहा संपला. मी उठले आणि कप घेऊन अंगणाच्या कडेला मोरीच्या दगडाशी जाऊन बसले. नळ सोडला. बारा वर्षांत पहिल्यांदाच मला तेवढा धीर झाला होता.

मावशी मागून आली. डाव्या हाताने तिने माझ्या हातातला कप काढून घेतला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पावन्यांचा मी इसळते.”

आणि कप दगडावर ठेवून, एका हाताने, नीट फिरवून फिरवून तिने तो विसळला. मी खुर्चीवर जाऊन बसले.